‘इतर’ लिहिलेलं कपाट: ग्रंथालयातली सत्ता कशी वाचावी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात मी तेवीस वर्षं ग्रंथपाल आहे. ग्रंथालयशास्त्र शिकणारी मुलं दर वर्षी दिवाळीनंतर माझ्याकडे येतात. लघुप्रबंधाचा विषय ‘ग्रंथालय, सत्ता आणि ज्ञान’ असा काहीतरी ठरलेला असतो. मार्गदर्शकांनी मिशेल फुको हा फ्रेंच विचारवंत वाचायला सांगितलेला असतो, आणि तो वाचून पुढे करायचं काय हे कुणी सांगितलेलं नसतं. त्या मुलांना मी जे सांगते, तेच इथे जरा सविस्तर लिहिते. लघुप्रबंध लिहायचा नसला तरी हरकत नाही. आपल्या गावच्या वाचनालयात नुसतं वाचायला जाणाऱ्यालाही हे करता येईल. एक मोजपट्टी, एक दोनशे पानी वही आणि दाखल नोंदवही, म्हणजे वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात क्रमांकानं नोंदतात ती वही, बघायची परवानगी, एवढं पुरे.

पहिल्या दिवशी पुस्तकांना हात लावू नका. कपाटांवरच्या पाट्या वाचत फिरा आणि ‘इतर’ हा शब्द कुठे कुठे आहे तेवढं टिपा. ‘इतर’, ‘संकीर्ण’, ‘अन्य’, ‘किरकोळ’. ग्रंथालयातली सत्ता पकडायला याहून सोपा धागा मला तरी अजून सापडलेला नाही.

आमच्याकडे ही पाटी मागच्या खोलीत, जिन्याखालच्या लोखंडी कपाटावर होती: ‘इतर भाषा’. आत तेलुगू, कन्नड आणि उर्दू. आता आमच्या दारात उभं राहून बघा. मागांचा खडखडाट आणि त्यावरून मोठ्यानं बोलली जाणारी तेलुगू. गिरण्यांच्या आणि हातमागांच्या काळात तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं आमच्या गल्ल्यागल्ल्यांत राहतात. कर्नाटकाची हद्द इथून फार लांब नाही, आणि उर्दू घरात बोलणारे तर गावभर आहेत. रस्त्यावर जी भाषा सगळ्यात जास्त कानावर पडते, ती उंबरठ्याच्या आत आली की ‘इतर’ होते. हे कुणी आकसानं केलेलं नव्हतं. कपाट रिकामं होतं, पाटी रंगवणारा आला होता, त्याला कुणीतरी दोन शब्द सांगितले. पण ते दोन शब्द सांगणारा मराठी वाचणारा होता, आणि त्या दिवशी तेलुगू वाचणारं तिथे कुणी नव्हतं. सत्ता म्हणायची ती याला.

सिद्धांताचा भाग थोडक्यात सांगते, कारण मुलं त्यातच अडकतात. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट पंथाचे मॅक्स होर्कहायमर यांनी १९३७ साली पारंपरिक सिद्धांत आणि चिकित्सक सिद्धांत यांत फरक केला. पारंपरिक अभ्यासक समोर जे आहे त्याचं वर्णन करतो. चिकित्सक अभ्यासक विचारतो, हे असं कुणी केलं, त्यात कुणाची सोय आहे आणि ते बदलता येईल का. पुढे मिशेल फुको यांनी दाखवलं, की सत्ता आणि ज्ञान एकमेकांत गुंतलेली असतात. याद्या करणं, तपासण्या घेणं, माणसांचे वर्ग पाडणं, यांतूनही माणूस ताब्यात ठेवता येतो. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. विद्या कुणाच्या हातात ठेवली आणि कुणाला नाकारली, त्यातून गुलामगिरी कशी उभी राहिली, हे जोतीराव फुल्यांनी १८७३ सालीच मांडलं होतं. लघुप्रबंधात या तिघांनाही घ्या. मात्र सिद्धांताचं प्रकरण वीस पानांच्या पुढे नेऊ नका. खरं काम फळीपाशी आहे.

आता मोजपट्टी काढा. डीडीसी, म्हणजे ड्युई दशांश वर्गीकरण, ही पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देण्याची पद्धत. तिच्यातला २०० चा वर्ग, म्हणजे धर्म, आधी घ्या. मेलविल ड्युई यांनी ही पद्धत १८७६ साली अमेरिकेत काढली. तिच्या मूळ रचनेत २२० ते २८९ हे सगळे आकडे बायबल आणि ख्रिस्ती धर्माला आहेत, आणि जगातले बाकीचे धर्म मिळून २९० मध्ये बसवलेले आहेत. तिथेही ‘इतर’च! भारतात उगम पावलेले धर्म २९४ मध्ये येतात: बौद्ध २९४.३, जैन २९४.४, हिंदू २९४.५, शीख २९४.६. आमच्याकडे मी मोजलं, तेव्हा २२० ते २८९ या आकड्यांची पुस्तकं मिळून चौदा इंच भरली, आणि एकट्या २९४ ला अकरा फळ्या लागत होत्या. साठ पानांच्या पुस्तिकेच्या कण्यावर सात-आठ आकड्यांची चिठ्ठी लावायची वेळ येते, ती यामुळे. ज्याला मधली जागा मिळाली त्याचा आकडा छोटा. कडेला ढकललेल्याचा आकडा लांबत जातो.

इथेच थांबलात तर ‘पाश्चात्त्यांनी आपल्यावर अन्याय केला’ एवढंच लिहून व्हाल. तसे लघुप्रबंध पुष्कळ आहेत. जरा पुढे जा. सिद्धरामेश्वरांवरचं पुस्तक हातात घ्या. सोलापूरचं ग्रामदैवत, बाराव्या शतकातले, लिंगायत परंपरेतले वचनकार. त्यांचं चरित्र कुठे लावायचं? डीडीसीप्रमाणे २९४.५५१३, म्हणजे हिंदू धर्मातला शैव पंथ. पण लिंगायत हा स्वतंत्र धर्म आहे की नाही, यावर मोर्चे निघाले, आणि २०१८ मध्ये कर्नाटक सरकारनं त्याला स्वतंत्र धर्म म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारसही केली. हा वाद मिटलेला नाही. मी मात्र कण्यावर चिठ्ठी चिकटवून तो मिटवून टाकते, दर वेळी, एका मिनिटात. आणि त्यांची वचनं कन्नडमध्ये म्हणून ती ८९४.८१४ ला, जिन्याखालच्या कपाटात. गड्ड्याच्या यात्रेला अख्खं गाव ज्यांच्यासाठी लोटतं, ते आमच्याकडे दोन खोल्यांत विभागले गेले होते. अशी एखादी जागा तुमच्याही गावात असणार. ती शोधा. तुमचं खरं प्रकरण तिथून सुरू होईल.

मुलं मग विचारतात, मॅडम, आपली देशी पद्धत वापरली तर? एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण काढलं. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलेले नियम मी रोज पाळायचा प्रयत्न करते. पण चिकित्सा आपल्या माणसापाशी येऊन थांबली तर ती चिकित्सा नव्हे. त्यांच्या धर्माच्या वर्गात पहिला क्रमांक वैदिक धर्माचा, दुसरा वेदोत्तर हिंदू धर्माचा, मग जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम. मधली जागा अमेरिकेतून भारतात आली, एवढंच. इथेही जागा कुणी वाटली, हा प्रश्न विचारायलाच हवा. या पानावर विद्यार्थी बिचकतात. बिचकू नका.

आता नावांकडे येते. यावर मला जास्त बोलायचं आहे. मराठीत नाव ठेवणं म्हणजे बारसं, आणि नावं ठेवणं म्हणजे दोष काढणं. विषयशीर्षक, म्हणजे पुस्तकाच्या नोंदीत त्याचा विषय सांगणारे शब्द, लिहिताना या दोन्हींत एका अनुस्वाराचं अंतर असतं.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, आणि तो पुढे मुंबई इलाख्यातही आला. काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं गेलं. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तिथे हजेरी लागायची, बाहेर पडायला परवानगी लागायची. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.

काही वर्षांपूर्वी तिथली एक अकरावीतली मुलगी आली. तिला कॉलेजात स्वतःच्या समाजावर पाच मिनिटं बोलायचं होतं. “आमच्या लोकांवर काही आहे का, मॅडम?” मी संगणकावर शोध टाकला. पडदा तिच्याकडे वळलेला होता, त्यामुळे माझ्या आधी तिनंच वाचलं. चार नोंदी आल्या. चारही पुस्तकांना विषय एकच: ‘गुन्हेगारी’. त्यांत लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ होतं. १९८७ चं आत्मकथन, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं, आणि आमच्याकडे त्याला ३६४, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र. ती हळूच म्हणाली, “म्हणजे हे आम्हीच ना?” तो आकडा २००३ साली मी दिला होता. नोंदीखाली माझी आद्याक्षरं होती. पुस्तक मी तेव्हा वाचलेलं नव्हतं. नाव पाहिलं आणि आकडा टाकला.

त्या दिवसानंतर मी जे केलं, ते पायरीपायरीनं सांगते, कारण उत्साहाच्या भरात इथे चुका होतात.

आधी काहीही पुसू नका. जुनी नोंद जशी आहे तशी वहीत उतरवून घ्या: दाखल क्रमांक, वर्गांक, विषय, तारीख. ही तुमची साधनसामग्री आहे. शिवाय आपण काय केलं होतं, हे पुढच्याला कळलं पाहिजे. मग प्रत्येक पुस्तक निदान चाळा. ते माणसाच्या जगण्याबद्दल आहे की त्या कायद्याबद्दल? कायद्याच्या इतिहासावरच्या पुस्तकाला ‘गुन्हेगार जमाती कायदा’ हे शीर्षक राहू द्या. ते त्या कायद्याचं नाव आहे आणि तो लपवून कुणाचं भलं होणार नाही. आत्मकथनं मी आत्मचरित्रांच्या फळीवर नेली. समाजाविषयीच्या पुस्तकांना ‘विमुक्त जमाती’ हे शीर्षक दिलं, आणि जुन्या शब्दानं शोधणाऱ्याला नव्या शब्दाकडे नेणारी ‘पाहा’ची नोंद ठेवली. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल, तर मूळ नोंदीतलं शीर्षक तसंच ठेवून विषयाचं, म्हणजे ६५० क्रमांकाचं, आणखी एक क्षेत्र घाला आणि दुसरा निर्देशक ४ ठेवा. मग शीर्षक तुमचं असलं तरी चालतं, ते कुठल्या छापील यादीतलं असावं लागत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी त्या माणसांना विचारा. मी सेटलमेंटमधल्या तिघांशी बोलले आणि तीन उत्तरं मिळाली. एकांना ‘विमुक्त’ हवं होतं. एक बाई म्हणाल्या, आमच्या जातीचं नाव लिहा, त्यात लाज कसली. तिसरे गृहस्थ म्हणाले, ते जुनं नावसुद्धा ठेवा, आमच्या आज्यानं काय सोसलं ते पोरांना कळू दे. तिघांचंही मी ठेवलं. एका पुस्तकाला एकच शीर्षक द्यावं असा नियम कुठेही नाही, तो आपला आळस आहे.

हे काम जगात अनेकांनी केलं आहे, त्यांचा आधार घ्या. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर या ग्रंथपाल होत्या. तेव्हाच्या रिवाजात कृष्णवर्णीयांविषयीचं कुठलंही पुस्तक, अगदी कवितासंग्रहसुद्धा, ३२५ किंवा ३२६ मध्ये जायचं, म्हणजे वसाहतीकरणात किंवा गुलामगिरीत. त्यांनी ते मानलं नाही आणि कविता कवितेत लावली. सॅनफर्ड बर्मन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या विषयशीर्षकांतले पूर्वग्रह एकेक करून दाखवून दिले. त्याच ग्रंथालयानं ‘इल्लीगल एलियन्स’, म्हणजे ‘बेकायदा परकीय’, हे शीर्षक बदलायचं २०१६ मध्ये जाहीर केलं. तिथल्या संसदेतून विरोध झाला, आणि बदल व्हायला २०२१ साल उजाडलं. एका शीर्षकावर संसदेत भांडण होतं, यावरून त्यात किती ताकद आहे ते ओळखा.

दलित साहित्याचं वेगळं कपाट ठेवावं का, हा प्रश्न हमखास निघतो. माझं मत सांगते. आमच्याकडे ते होतं, आणि ज्यांनी ते केलं त्यांनी अभिमानानं केलं होतं. पण कविता वाचायला आलेला माणूस ८९१.४६१ च्या फळीपाशी उभा राहायचा, तिथे त्याला नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ दिसायचाच नाही. १९७२ साली ज्या पुस्तकानं मराठी कविता हलवली, ते मराठी कवितेच्या फळीवर नव्हतं. आता ते तिथे आहे. दलित साहित्याची यादी मी वेगळी करून दाराशी लावली आहे, म्हणजे सलग वाचणाऱ्याचीही अडचण होत नाही. पुस्तक फळीवर एकाच ठिकाणी राहू शकतं, यादी हव्या तितक्या करता येतात.

यानंतर फळी सोडा आणि सभासदत्वाचा अर्ज वाचा. आमच्या अर्जात ‘ओळख देणाऱ्या सभासदाची सही’ असा रकाना होता. विडी वळणाऱ्या बाईनं ती कुठून आणायची? तिच्या ओळखीत वाचनालयाचं सभासद कुणी नाही, म्हणून ती सभासद नाही, म्हणून तिच्या शेजारणीलाही सही मिळत नाही. कार्यकारी मंडळाला हे पटायला दोन बैठका लागल्या. आता रेशन कार्ड चालतं. वेळाही अशाच तपासा: तुमच्याकडचे लोक कामाला कधी जातात, विड्या द्यायला कधी निघतात, आणि तुमचं दार कधी उघडं असतं. दोन रकाने शेजारी शेजारी मांडा.

एक वही मात्र आजच सुरू करा: मागितलं आणि मिळालं नाही, त्याची. तारीख, काय मागितलं, एवढंच लिहा, नाव नको. खरेदी समितीत नुसतं बोलून काही हलत नाही, ही वही पुढे ठेवली की हलतं. आमच्या वहीत पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त वेळा आलेली मागणी होती प्रॉव्हिडंट फंडाचा अर्ज मराठीत समजावून सांगणाऱ्या पुस्तकाची.

जिन्याखालच्या कपाटाचं सांगायचं राहिलंच. मी ते आवरायला घेतलं तेव्हा दाखल नोंदवही उघडली. ग्रंथनामाच्या रकान्यात लिहिलेलं: ‘तेलुगू पुस्तक’. पुढच्या ओळीत ‘तेलुगू पुस्तक, लहान’. मग ‘तेलुगू पुस्तक, जुने’. लेखकाचा रकाना सलग पावणेदोन पानं कोरा. माझ्या घरात तेलुगू बोलतात, पण माझी शाळा मराठी. मला ती लिपी येत नाही. स्वतःच्या आईच्या भाषेतलं पुस्तक हातात धरून मी त्याचं नाव वाचू शकत नव्हते.

गल्लीतले एक मास्तर, ऐंशीच्या घरातले, तेलुगू शाळेत शिकलेले, चादरीच्या मागावर आयुष्य काढलेले. त्यांना बोलावलं. ते स्टुलावर बसले, एकेक पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन मोठ्यानं वाचू लागले, मी देवनागरीत लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी एका पुस्तकावर ते थांबले. पहिल्या पानावर शाईनं लिहिलेलं कुणाचंतरी नाव त्यांनी वाचलं. “हा आमच्या कारखान्यातला, अम्मा. जकार्डची कार्डं हाच पाडायचा.” मग त्यांनी मला सांगितलं, चादरीवरचा मोर आधी कागदावर चौकोनांत कसा उतरवतात, त्या चौकोनांवरून कार्डाला छिद्रं कशी पडतात, एक छिद्र चुकलं तर मोराची मान कशी तुटते. हे सगळं ६७७ मध्ये, म्हणजे कापडनिर्मितीत, यायला हवं. आमच्या ६७७ मध्ये तीन पुस्तकं होती, तिन्ही इंग्रजी, कॉलेजची. सोलापूरची चादर जगभर जाते, आणि ती विणायची विद्या तिच्याच गावच्या वाचनालयात नाही.

मी फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं, चाळीस मिनिटं. त्याला दाखल क्रमांक द्यावा म्हटलं, तर पुस्तक नाही म्हणून देता येणार नाही असं उत्तर आलं. शेवटी ते शब्दशः उतरवून, टाईप करून, बाइंडिंग करून आणलं, मग क्रमांक मिळाला. भाषा तेलुगू आणि मराठी मिसळलेली आहे, ती तशीच ठेवली. लघुप्रबंध करणाऱ्यांना सांगते, तुमच्या परिशिष्टात असं एक तरी बोलणं घाला, आणि ते आधी ज्याचं आहे त्याला वाचून दाखवा. मास्तरांनी माझ्या अकरा चुका काढल्या.

‘इतर भाषा’ ही पाटी आता नाही. तेलुगू, कन्नड आणि उर्दू पुढच्या खोलीत आहेत, पाट्या त्या त्या लिपीत. उर्दूचं काम मात्र अर्धवट आहे. एका शिक्षिकाबाईंनी परवा दाखवलं, की आम्ही सगळ्या उर्दू पुस्तकांना डेट स्लिप आणि शिक्का शेवटच्या पानाला लावले आहेत. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं. आम्ही मराठीच्या सवयीनं डावीकडून उघडलं आणि त्यालाच पहिलं पान समजलो. एकशे चाळीस पुस्तकं आहेत. जुनी स्लिप ओल्या फडक्यानं भिजवून, दहा मिनिटं थांबून, पातळ पट्टीनं उचलायची. ओढून काढली तर कागद फाटतो. दिवसाला सहा होतात.